मुंबईहून विमानाने: अंतर कसं मोजायचं आणि खरा वेळ कसा काढायचा

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर ११३८ किमी. तिकिटावर वेळ साधारण सव्वादोन तास. भागाकार केला तर वेग निघतो ताशी जेमतेम ५०० किमी, आणि जेट विमान तर आकाशात ताशी ८०० किमीच्या वर उडतं. मग मधला वेळ जातो कुठे? या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की कुठल्याही दोन शहरांमधला विमानप्रवासाचा वेळ कागदावर, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने, काढता येतो. त्यासाठी अंतर, हवेतला वेळ, गेट ते गेट वेळ आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ या चार गोष्टी वेगवेगळ्या धराव्या लागतात. लोकांचे अंदाज चुकतात ते बहुतेक वेळा या चारांची सरमिसळ झाल्यामुळे.

आधी विमानतळ ठरवा, शहर नव्हे

हवाई अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजतात. मुंबईच्या बाबतीत हे आता जास्तच महत्त्वाचं झालं आहे. सांताक्रूझ-सहारचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ (कोड बीओएम) आणि डिसेंबर २०२५ पासून प्रवासी सेवेत आलेला उलव्याचा नवी मुंबई विमानतळ (कोड एनएमआय) हे दोन वेगळे बिंदू आहेत. हवाई अंतरात दोघांमुळे फारसा फरक पडत नाही. घरून निघायच्या वेळेत मात्र तास-दीड तासाचा फरक पडू शकतो. म्हणून तिकिटावर आधी कोड बघा, मग टर्मिनल बघा, आणि गणिताला त्यानंतरच बसा.

अक्षांश-रेखांश घ्या, आणि दशांशात घ्या

मोबाइलवरच्या नकाशात धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. मुंबई विमानतळासाठी ते १९.०९ आणि ७२.८७ असे येतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. हा क्रम उलटा झाला तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडते, आणि उत्तर हजारो किलोमीटरनी चुकतं.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण तिच्यात उत्तर बरोबर वाटतं. जुन्या नकाशांवर आणि काही तक्त्यांत अक्षांश अंश-मिनिट-सेकंदात असतो: १९ अंश ५ मिनिटं १९ सेकंद. तो सरळ १९.५१९ असा लिहिला तर जवळजवळ ४८ किमीची चूक आत शिरते. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज करायची: १९ + ०.०८३३ + ०.००५३ = १९.०८८६. ग्रिनिचच्या पश्चिमेच्या रेखांशाला उणे चिन्ह लावायला विसरू नका. लंडनचा हीथ्रो विमानतळ तर ग्रिनिचच्या जेमतेम पश्चिमेला आहे, त्याचा रेखांश उणे ०.४५.

अंतर काढा: जवळच्या शहरांसाठी सोपी रीत

देशातल्या देशात शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय पुरतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडे सुमारे १११.२ किमी. रेखांशाचा एक अंश मात्र विषुववृत्तावरच तेवढा असतो आणि उत्तरेकडे जाताना आक्रसत जातो, म्हणून त्याला दोन्ही शहरांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं.

मुंबई–नागपूर करून बघू. नागपूर विमानतळ २१.०९, ७९.०५.

अक्षांशांतला फरक २.०० अंश, म्हणजे सुमारे २२२ किमी उत्तरेकडे.
रेखांशांतला फरक ६.१८ अंश. सरासरी अक्षांश २०.०९, त्याचा कोसाइन ०.९३९. म्हणून ६.१८ × ०.९३९ × १११.२ = सुमारे ६४५ किमी पूर्वेकडे.
दोघांचे वर्ग करून बेरीज, आणि तिचं वर्गमूळ: ६८३ किमी.

रेल्वेने हेच अंतर भुसावळमार्गे ८३७ किमी भरतं आणि समृद्धी महामार्ग एकटाच ७०१ किमीचा आहे. उत्तर रस्त्याच्या अंतरापेक्षा जास्त आलं तर गणितात कुठेतरी चूक आहे हे नक्की समजा. हा ताळा नेहमी करून बघावा. कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर आहे ना, तेही तपासा. ‘रेडियन’वर राहिला तर कोसाइनचं उत्तर भलतंच येतं.

परदेशासाठी गोलाचं सूत्र

लांबच्या अंतराला सोपी रीत दगा देते. मुंबई–लंडन त्या रीतीने सुमारे ७,५७० किमी येतं, खरं अंतर सुमारे ७,२१० आहे. साडेतीनशे किलोमीटरहून जास्त फरक, कारण पृथ्वी सपाट धरली. इथे असं करायचं:

पहिला भाग: दोन्ही अक्षांशांच्या (मुंबई १९.०९, हीथ्रो ५१.४७) साइनचा गुणाकार. ०.३२७० × ०.७८२३ = ०.२५५८.
दुसरा भाग: दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. फरक ७३.३२ अंश, म्हणून ०.५८८७ × ०.२८७० = ०.१६९०.
बेरीज ०.४२४८. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ६४.८६ अंश. त्याला १११.२ ने गुणलं की ७,२१० च्या आसपास उत्तर येतं.

मधले आकडे चार दशांश स्थळांपर्यंत ठेवा. दोनच ठेवले तर लांबच्या अंतरात पन्नास-साठ किलोमीटर सहज इकडेतिकडे होतात.

हाच सर्वांत जवळचा मार्ग भिंतीवरच्या सपाट नकाशात वाकडा दिसतो, आणि त्यामुळे अनेकांचा त्यावर विश्वास बसत नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. सपाट नकाशावर अरबस्तान आणि आफ्रिकेवरून जाणारी वाटणारी वाट प्रत्यक्षात रशियावरून, ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळून जाते. अंतर सुमारे १२,५०० किमी.

किलोमीटर, मैल आणि नॉटिकल मैल

विमानचालक नॉटिकल मैलात बोलतात (१.८५२ किमी), अनेक परदेशी संकेतस्थळं साध्या मैलात (१.६०९ किमी). मुंबई–दिल्लीचं तेच अंतर ११३८ किमी, ७०७ मैल किंवा ६१५ नॉटिकल मैल असं तीन ठिकाणी तीन आकड्यांत भेटतं. नुसतं ‘माइल्स’ लिहिलेलं असेल तर ते कुठले हे बघितल्याशिवाय आकडा उचलू नका.

विमान सरळ रेषेत जात नाही

आतापर्यंत काढलं ते कमीत कमी अंतर. प्रत्यक्ष वाट त्याहून लांब असते. मुंबईत हे डोळ्यांनी बघता येतं. इथला वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून वाहतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि उतरतं. म्हणून नागपूरला, म्हणजे पूर्वेला, जाणारं विमानसुद्धा आधी जुहूवरून समुद्रावर जातं आणि मग वळून परत जमिनीकडे येतं. परतताना घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. या वळणांत, ठरलेल्या हवाई मार्गांत आणि लष्करी हद्दी टाळण्यात देशांतर्गत उड्डाणात अंतर साधारण ५ ते १० टक्के वाढतं असं धरून चाला.

परदेशात याला राजकारणाची जोड मिळते. मुंबई–लंडनची गणिती रेषा सौराष्ट्रावरून थेट कराचीच्या आसपास जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. २०१९ मध्येही ती काही महिने बंद होती. अशा वेळी भारतीय कंपन्यांची विमानं अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने जातात. मुंबईला समुद्र दाराशी असल्याने हा वळसा दिल्लीकरांच्या तुलनेत बराच कमी पडतो. तरीही कंपनी भारतीय की परदेशी, यावरून त्याच दोन शहरांमधला वेळ वेगळा दिसू शकतो.

हवेतला वेळ

आता वेग. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास असतं. बोइंग ७७७, ७८७ ही मोठी विमानं ताशी ९०० च्या जवळ. पंख्याचं एटीआर ताशी ५००. पण हा वेग मधल्या पल्ल्यातच मिळतो. दहा हजार फुटांच्या खाली वेगाला मर्यादा असते, चढायला वीसेक मिनिटं लागतात आणि उतरायला तेवढीच किंवा जास्त. म्हणून पूर्ण अंतराला वेगाने भागून चालत नाही.

चालणारं सूत्र असं आहे: किलोमीटरमधलं हवाई अंतर भागिले ८०० तास, अधिक २० मिनिटं. वाकडी वाट, चढ आणि उतार या सगळ्याची भरपाई त्या ८०० मध्ये आणि २० मिनिटांत झालेली आहे. वरून पुन्हा १० टक्के मिळवू नका. दिल्ली: ८५ + २० = १०५ मिनिटं. नागपूर: ५१ + २० = ७१ मिनिटं. मोठ्या विमानाने लांबचा पल्ला असेल तर ८०० च्या जागी ८८० घ्या, एटीआरसाठी ४८०.

फार जवळच्या अंतराला हे सूत्र लावू नये. मुंबई–पुणे हवाई अंतर १२४ किमी आहे. तेवढ्यात विमान नीट उंचीवरही पोचत नाही, आणि विमानतळांवरचे सोपस्कार धरले तर रेल्वे आणि द्रुतगती मार्गाशी त्याची तुलनाच होत नाही. कोल्हापूर (सुमारे ३०९ किमी) ही आमच्या मते खालची मर्यादा. त्याच्या अलीकडे गणित करत बसू नका, वेळापत्रक बघा.

वारा: पूर्व-पश्चिम प्रवासात हा विसरू नका

हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो. त्याच्या गाभ्यात वेग ताशी १५० किमीच्या वर सहज जातो. मुंबई–कोलकाता हा मार्ग त्या पट्ट्याच्या दक्षिणेला असला तरी त्याचा परिणाम जाणवतो. अंतर १,६६५ किमी. ताशी सरासरी ६० किमीचा वारा धरला तर जाताना तो ८०० मध्ये मिळवायचा आणि येताना वजा करायचा:

जाताना १,६६५ भागिले ८६० = ११६ मिनिटं, अधिक २०, म्हणजे २ तास १६ मिनिटं.
येताना १,६६५ भागिले ७४० = १३५ मिनिटं, अधिक २०, म्हणजे २ तास ३५ मिनिटं.

तिकिटावर परतीचा वेळ वीस मिनिटांनी जास्त दिसतो तो यामुळे. दिल्लीच्या मार्गावर वारा बराचसा आडवा लागत असल्याने जाता-येता फरक थोडा पडतो. लंडनला जाताना समोरचा वारा, येताना पाठीवरचा. तिथे हा फरक तासाच्या घरात जातो.

गेट ते गेट: तिकिटावरचा वेळ

तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे सरकण्याची वेळ, हवेत उठण्याची नव्हे. पोचायची वेळ म्हणजे दुसऱ्या टोकाला गेटवर थांबण्याची. या दोन्हींतल्या अंतराला ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणून हवेतल्या वेळात टॅक्सीची, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांच्यामध्ये विमान जमिनीवरून चालतं त्याची, मिनिटं मिळवायची: मुंबईला १५ ते २०, नागपूरसारख्या ठिकाणी ५, दिल्लीत धावपट्टी लांब पडली तर १५ सुद्धा. नागपूर ७१ + २० म्हणजे दीड तास, दिल्ली १०५ + २५ ते ३० म्हणजे सव्वादोन तासांच्या आत-बाहेर. सुरुवातीच्या भागाकारातला हरवलेला वेळ हाच.

मुंबईत ही मिनिटं जास्त का? सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच वाहतूक चालते. गर्दीच्या वेळी जमिनीवर रांग लागते आणि आकाशातही. उतरायला जागा नसेल तर विमान घिरट्या घालतं आणि प्रत्येक घिरटीला साधारण चार मिनिटं जातात. तीन घिरट्या झाल्या की बारा मिनिटं उशीर. पावसाळ्यात जोराची सर आली की हे हमखास होतं, आणि फारच वाईट हवा असेल तर विमान अहमदाबाद, सुरत किंवा हैदराबादकडे वळवलं जातं. शिवाय पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेका दिवशी देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवल्या जातात. ही तारीख आधी जाहीर होते, त्या दिवशीचं जोड-विमान टाळावं. दिल्लीच्या बाजूने डिसेंबर-जानेवारीतलं पहाटेचं धुकं धरा.

कंपन्या हा सगळा उशीर ओळखून वेळापत्रकात थोडी सैल मिनिटं ठेवतातच, आणि ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत आलेलं विमान ‘वेळेवर’ मोजलं जातं. तुमचं गणित तिकिटापेक्षा दहा मिनिटं कमी आलं तर ते चुकलेलं नाही. ताळा बघायचा असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या विमानाची मागच्या आठवड्यातली प्रत्यक्ष उडण्याची आणि उतरण्याची वेळ बघा. एक दिवस नव्हे, निदान पाच दिवस.

ब्लॉक टाइमचा आणखी एक उपयोग आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास आणि त्याहून मोठ्या उड्डाणाला चार तास उशीर होणार असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. दिल्ली पहिल्या गटात बसते, कोलकाता दुसऱ्या. काउंटरवर हक्काने विचारावं.

घड्याळं जुळवा

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. दोन्ही भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. दुबई आपल्या दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला सुटून दुबईला ११:४५ ला पोचलेलं विमान पावणेदोन तासांत गेलेलं नाही. तिथले ११:४५ म्हणजे आपले १:१५, प्रवास सव्वातीन तासांचा. काठमांडू आपल्या पुढे १५ मिनिटं. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. त्या दोन रविवारांच्या आसपासची तिकिटं दोनदा बघा.

परदेशी विमानं मुंबईहून बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास विमानतळावर हजर राहायचं आहे. १५ च्या रात्री सामान घेऊन पोचलेल्या कुटुंबाचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट काढल्या दिवशीच घरच्या कॅलेंडरवर घरून निघायची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, उड्डाणाची नको.

दारापासून दारापर्यंत

दादरहून नागपुरात धरमपेठेला जायचं आहे असं धरा. दादर ते टर्मिनल ४५ मिनिटं, संध्याकाळच्या गर्दीत सव्वा तास. सरासरी ६० घ्या. चेक-इनचे काउंटर देशांतर्गत उड्डाणाला सहसा ६० मिनिटं आधी बंद होतात आणि गेट २०-२५ मिनिटं आधी, म्हणून सामान असेल तर दीड तास आधी पोचलेलं बरं. ब्लॉक टाइम ९०. उतरून बेल्टवरची बॅग हातात यायला २५, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून धरमपेठ २५. बेरीज २९० मिनिटं, म्हणजे पाच तासांना दहा कमी. त्यात हवेतली फक्त ७१. दुरांतो रात्रभरात, अकरा तासांच्या आसपास, नेते आणि झोपेचा वेळ वापरते. सकाळच्या कामासाठी जायचं असेल आणि विमान भल्या पहाटेचं असेल, तर रात्रीची गाडी पुष्कळदा सोयीची पडते. दुपारी जाऊन दुसऱ्या दिवशी परतायचं असेल तर विमानाला पर्याय नाही.

टर्मिनल गाठायला मेट्रो ३ ची गणना जरूर करा. आरे ते कफ परेडच्या त्या भुयारी मार्गावर टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशी दोन वेगळी स्थानकं आहेत, आणि मरोळ नाक्याला घाटकोपर–वर्सोवा मेट्रो मिळते. गिरगाव, वरळी, दादरकडच्या माणसाला रस्त्यावरची अनिश्चितता यामुळे टाळता येते. पहाटेच्या विमानाला मात्र मेट्रो सुरू झालेली नसते. नवी मुंबई विमानतळासाठी दक्षिण मुंबईतून शिवडीहून निघणारा २१.८ किमीचा अटल सेतू उपयोगी. बोरिवली-दहिसरच्या माणसाने तिथलं तिकीट थोडं स्वस्त मिळालं तरी टॅक्सीभाडं आणि दीड-दोन तास त्यात मिळवून बघावेत. पनवेल-बेलापूरकरांसाठी हेच गणित उलटं.

मधे थांबणारं विमान

थांबा कुठे आहे यावर फरक पडतो. मुंबई–लंडन सरळ ७,२१० किमी. दुबईमार्गे १,९३० + ५,५०० = ७,४३०, म्हणजे जेमतेम तीन टक्के जास्त, कारण दुबई वाटेच्या जवळच आहे. दिल्लीमार्गे ११३८ + ६,७३० = सुमारे ७,८७०. तरीही दोन्हींत खरा वेळ जातो तो अंतरात नव्हे: दुसऱ्यांदा चढणं-उतरणं आणि टॅक्सी यांची साधारण पाऊण तासाची भर, अधिक मधली वाट बघणं. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणं असतील तर पहिलं उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीने लावायची असते. वेगवेगळी तिकिटं असतील तर ती जबाबदारी तुमची. मुंबईत टर्मिनल १ वर उतरून टर्मिनल २ वरून परदेशी जायचं असेल, तर बॅग घेणं, टर्मिनल बदलणं, पुन्हा चेक-इन, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी धरून चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. पावसाळ्यात पाच.